औषध, उपकार आणि ईमान

आजारी माणसाच्या हातात औषधाची पुडी ठेवताना त्याच हाताने आपला धर्मही त्याच्यापुढे ठेवावा काय? वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न वरवर पाहता इतरांविषयीचा वाटतो. परदेशी ख्रिस्ती गट आठ-दहा दिवसांसाठी दुर्गम भागात येतात, डॉक्टर-परिचारिकांना सोबत आणतात, दिवसा आरोग्य शिबिर घेतात आणि त्याच मांडवात प्रार्थना व प्रवचनही करतात. जगभर रूढ झालेल्या या 'अल्पकालीन सेवायात्रां'विषयी आपल्या समाजात बहुधा संतापाने किंवा भीतीने बोलले जाते. परंतु थोडे थांबून विचार केला, तर हा प्रश्न आपल्यालाही तितकाच लागू होतो, हे ध्यानात येईल. आपणही शिबिरे घेतो, रमजानमध्ये शिधा वाटतो, आणि दावतचे कार्य हे आपलेही कर्तव्य आहे. म्हणून दुसऱ्याच्या कृतीला जो निकष लावायचा, तो आधी आपल्या कृतीला लावून पाहणे हेच न्यायाचे आहे.

विचाराला भूमी असावी म्हणून आपण जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि हे डोंगराळ तालुके त्यात आले. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या आदिवासी जमातींची ही भूमी. नाचणी आणि वरई पिकवायची, पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी-वसईकडे उतरायचे, आणि पेरणीपूर्वी परतायचे, हा येथील अनेक कुटुंबांचा जीवनक्रम आहे. जव्हारच्या कोळी राजघराण्याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली आणि 'नेमशहा' हा किताब आला. येथील सरकारी रुग्णालयही एका राजाच्या नावाने 'पतंगशाह कुटीर रुग्णालय' म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्राला मात्र ही भूमी आठवते ती दुःखाच्या प्रसंगी. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा हे नाव सर्वतोमुखी झाले. २०१६ मध्ये मोखाड्यातील कुपोषणाच्या बातम्यांनी पुन्हा राज्य हादरले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मर्कटवाडीत रस्ता नसल्यामुळे वेळेवर उपचार न मिळून एका मातेची जुळी अर्भके गेली आणि त्या मातेला झोळीतून चिखलवाटेने रुग्णालयाकडे न्यावे लागले.

अशा एखाद्या पाड्यावर हिवाळ्यातील एका सकाळी मांडव उभा राहतो, असे चित्र कल्पनेने पाहा. पाहुणे दूरदेशीचे आहेत, चेहऱ्यांवर आपुलकी आहे. रक्तदाब मोजला जातो, दात तपासले जातात, चष्मे दिले जातात, जंताच्या आणि तापाच्या गोळ्या मिळतात. रांगेच्या शेवटी एक खुर्ची आहे. तेथे बसलेला स्वयंसेवक दुभाष्यामार्फत विचारतो, की तुमच्यासाठी प्रार्थना करू का? मग येशूविषयी चार शब्द सांगितले जातात आणि एक पुस्तिका दिली जाते. कोणावर बळजबरी झालेली नाही. कोणाला पैसे देऊ केलेले नाहीत. मग यात नेमके काय चुकले? आणि काही चुकले नसेल, तर आपल्या मनाला हुरहुर का वाटते?

प्रथम न्यायाची गोष्ट

शंका घेण्यापूर्वी ऋण मान्य केले पाहिजे. कुष्ठरोग्याच्या जखमा जेव्हा त्याचे नातलगही धुवत नव्हते, तेव्हा अनेक ठिकाणी ख्रिस्ती परिचारिका ते काम करीत होत्या. विल्यम वॉन्लेस हे डॉक्टर १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेला त्यांचे रुग्णालय उभे राहिले, आणि सुमारे चार दशके ते येथेच राबले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक मुस्लिम घरांतील आजी-आजोबांचे प्राण त्या रुग्णालयात वाचले आहेत. आपल्या विषयाच्या भूमीजवळ, डहाणू येथेही एका अमेरिकन मिशनने रुग्णालय चालविले. हे लोक सेवेसोबत धर्मप्रचारही करीत आणि ते त्यांनी लपविले नाही. तरीही ज्या वाटेने आपण कधी गेलो नाही, त्या वाटेने ते गेले, हे नाकारणे म्हणजे सत्य लपविणे होय.

आपल्या श्रद्धेनुसार ह. ईसा (अलै.) यांना अल्लाहने जे चमत्कार दिले, त्यांत जन्मांधाला दृष्टी देणे आणि कोड्याला बरे करणे यांचा उल्लेख दिव्य कुरआनात आहे (३:४९). तेव्हा आजाऱ्यांची सेवा ही ख्रिस्ती माणसाला आपल्या गुरूची वाट वाटली, तर त्यात नवल नाही. श्रद्धावंतांशी मैत्रीत सर्वांत जवळचे म्हणून कुरआनाने ज्यांचा निर्देश केला, ते स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारेच होते (५:८२). म्हणून त्यांच्या हेतूवर सरसकट कपटाचा आरोप करणे आपल्याला शोभत नाही. त्यांच्या दृष्टीने ते आपल्याजवळचे सर्वांत मौल्यवान वाटत असतात. आपला आक्षेप असेल, तर तो या आठ-दहा दिवसांच्या मांडवातील रचनेवर असावा. माणसांच्या नियतीवर नव्हे, कारण नियत अल्लाहच जाणतो.

गाठ कोठे आहे?

आजारी माणूस हा इतर वेळचा माणूस नसतो. ताप चढलेल्या बालकाला मांडीवर घेऊन बसलेली माता समोरच्या डॉक्टरला नकार देऊ शकत नाही. तो जे म्हणेल त्याला ती मान डोलावते. ते मान डोलावणे संमती असते की संकोच, हे तिलाही सांगता येणार नाही. त्यात दुभाष्याचा अडसर. इंग्रजीतून निघालेले वाक्य मराठीतून वारली किंवा कातकरी बोलीत पोहोचेपर्यंत 'प्रार्थना करू का' या वाक्याचे 'हे केले की बरे वाटेल' असे वाक्य कधी झाले, हे पाहुण्याला कळत नाही. गोळी आणि प्रार्थना एकाच टेबलावरून मिळाल्यावर गुण कशाने आला, हा हिशेब रुग्ण आपल्या मनाने करतो. तो चुकला तर त्याचा दोष त्याच्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिने अखंड चालावा लागतो. सिकलसेल हा आदिवासी जमातींत आढळणारा रक्ताचा आजार जन्मभराचा सोबती असतो. रक्तदाबाची गोळी दहा दिवसांची देऊन अकराव्या दिवशी विमान पकडणाऱ्याने त्या रुग्णाला नेमके काय दिले? वॉन्लेस यांच्या कामात आणि या सहलीत हाच मोठा फरक आहे. जो चाळीस वर्षे राहतो, त्याचा धर्म लोक त्याच्या वागण्यातून पारखू शकतात. त्याला प्रश्न विचारू शकतात, त्याच्याशी भांडूही शकतात. आठवड्यासाठी येणाऱ्याला पारखता येत नाही. त्याचा केवळ उपकार मागे राहतो, आणि उपकारासोबत सांगितलेली गोष्ट राहते.

तिसरी गोष्ट या भूमीच्या स्मृतीची. डहाणू-तलासरी पट्ट्यात एकेकाळी 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या शेतावर राबायचे. फिटणे मात्र कधीच होत नसे. १९४५ च्या वारली उठावाने ही वेठबिगारी मोडली. वीटभट्टीच्या मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेल्या उचलीच्या रूपाने तिची सावली अनेक कुटुंबांवर आजही पडते. ज्या लोकांच्या इतिहासात 'देणे' हे नेहमी 'बांधणे' ठरले, त्यांच्या दारात जाताना देणाऱ्याने दुप्पट सावध असले पाहिजे. घेणाऱ्याला मनोमन माहीत असते, की फुकट काही मिळत नाही. आपण मागितले नाही, तरी तो आपल्याला काहीतरी देणे लागतो असेच समजतो, आणि त्याच्याजवळ देण्यासारखे काय असते? फक्त त्याचा होकार.

महाराष्ट्राने हा वाद पूर्वीही पाहिला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढे ते पुण्यास नेले. विधवांना शिक्षण आणि आसरा देणारी ती संस्था होती आणि धर्मप्रसार हे तिचे उद्दिष्ट नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. मी कोणावर सक्ती केलेली नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मी बंदही करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. या वादात दोन्ही बाजूंना काही सत्य होते. स्वतःची उपासना उघडपणे करण्याचा रमाबाईंना पूर्ण अधिकार होता. आणि ज्या मुलीचे जेवण, निवारा आणि भविष्य त्याच दाराशी बांधलेले आहे, तिला ते दार केवळ एक उघडे दार वाटणे शक्य नव्हते, हेही खरेच होते. बळजबरी न करताही माणसाचे मन दबू शकते. आश्रिताला पर्याय नसला, की ते आपोआप दबते.

दिव्य कुरआनाची शिकवण

मदिनेत काही सहाबांना असा प्रश्न पडला, की जे नातलग अद्याप अनेकेश्वरवादी आहेत, त्यांना दान द्यावे काय? ते इस्लाम स्वीकारीत नाहीत, तर हात आखडता घ्यावा असा त्यांचा कल होता. तेव्हा अवतरित झालेल्या वचनाचा आशय असा, की लोकांना मार्गावर आणण्याची जबाबदारी प्रेषितांवर (स.) नाही, मार्गदर्शन अल्लाह ज्याला इच्छितो त्याला देतो; तुम्ही जे भले खर्च कराल ते तुमच्याच हिताचे आहे आणि ते केवळ अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असावे (२:२७२). या आयतीची रचना पाहण्यासारखी आहे. हिदायत आणि खैरात या दोन गोष्टी येथे शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून सोडविलेल्या आहेत. दान बंद करून हिदायतीसाठी दबाव आणू नका, हा तिचा उघड अर्थ. त्यातून निघणारा दुसरा अर्थ असा, की दान देऊन हिदायतीची वसुलीही करू नका.

सूरह अल्-इन्सानमध्ये गरीब, अनाथ आणि कैदी यांना खाऊ घालणाऱ्यांचे वर्णन आहे. ते अल्लाहखातर देतात आणि ज्यांना देतात त्यांच्याकडून ना मोबदला अपेक्षितात, ना आभार (७६:८-९). त्या काळच्या कैद्याचा धर्म सहसा वेगळाच असे, हे लक्षात घ्या. ज्याला साधा धन्यवादही मागायचा नाही, त्याच्याकडून श्रद्धा कशी मागायची? आणि उपकार बोलून दाखविण्याने व मन दुखविण्याने दान वाया जाते, असा इशारा सूरह बकरात आहेच (२:२६४).

ईमान ही कशाच्या बदल्यात मिळणारी वस्तू नाही, हे सूरह अल्-हुजुरातमध्ये अधिक स्पष्ट होते. भाष्यकारांनी नमूद केले आहे, की दुष्काळाच्या वर्षी बनू असद टोळीचे लोक मदिनेस आले, आम्ही ईमान आणले असे म्हणू लागले आणि मदतीची अपेक्षा धरू लागले. त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही अद्याप ईमान आणलेले नाही, केवळ शरण आला आहात. ईमान अजून तुमच्या अंतःकरणात उतरलेले नाही (४९:१४). त्यांना हाकलून दिले गेले नाही, परंतु भाकरीसाठी उच्चारलेल्या शब्दाला ईमानचे नावही दिले गेले नाही. जो धर्म स्वतःच्या बाजूने आलेल्या अशा होकारालाही स्वीकारण्यास कचरतो, त्या धर्माच्या अनुयायांनी तो होकार मिळविण्याची व्यवस्था कशी करावी?

हबशाच्या नजाशीची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक असते. सुमारे इ. स. ६१५ मध्ये मक्केतील छळ असह्य होऊन मुस्लिमांचा एक गट त्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयास गेला. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन मागोमाग पोहोचले. नजाशीने ह. जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकले, सूरह मरयमचे पठण ऐकून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने कुरैशांचे नजराणे परत केले. मुस्लिमांना मात्र त्याने आसरा दिला, आणि त्यासाठी धर्म बदलण्याची अट घातली नाही. आश्रिताला अटीविना आसरा आणि अटीसह आलेली भेट परत, हे दोन्ही धडे आपल्याला एका ख्रिस्ती राजाच्या दरबारात मिळाले. आज अशा शिबिरांविषयी बोलताना ख्रिस्ती बांधवांना आपण त्यांच्याच या थोर वारशाची आठवण देऊ शकतो. त्यांच्यातील विचारवंतांनाही हा प्रश्न जाणवला आहे. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात माणसाच्या गरिबीचा आणि बरे होण्याच्या गरजेचा गैरफायदा घेऊ नये, असे स्पष्टपणे मान्य केले आहे.

दोन कठीण प्रश्न

येथे एखादा जाणकार वाचक आपल्याला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, सत्य हीच जर सर्वांत मोठी देणगी असेल, तर औषध देऊन सत्य न देणे हा कंजूषपणा नव्हे काय? शिवाय जकातीच्या आठ खर्चबाबींत 'ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत' त्यांचा हिस्सा कुरआनानेच सांगितला आहे (९:६०). आणि प्रेषित (स.) एका आजारी यहुदी मुलाच्या उशाशी बसून त्याला इस्लामचे निमंत्रण देतात, ही सहीह बुखारीतील हदीस आहे. मग आजाऱ्याला दावत देऊ नये, असे कसे म्हणता?

हे आक्षेप टाळण्याजोगे नाहीत. मने जोडण्याच्या बाबीतून हुनैनच्या लढाईनंतर कोणाला दिले गेले, ते प्रथम पाहू. अबू सुफियान, अकरा बिन हाबिस, सफवान बिन उमय्या ही टोळ्यांची सरदार मंडळी होती. त्यांचे वैर शमले तर हजारोंचे रक्त वाचणार होते. हे धन बलवानांना दिले गेले, आणि बलवान माणूस धन घेऊनही नकार देऊ शकतो. पुढे ह. अबू बक्र (रजि.) यांच्या काळात ह. उमर (रजि.) यांनी असे देणे थांबविण्याचा आग्रह धरला, कारण इस्लामला आता त्याची गरज उरलेली नव्हती. हनफी फुकहांनी याच आधारे हा हिस्सा संपुष्टात आल्याचे मानले. इतर मतप्रवाहांत तो गरजेनुसार कायम मानला जातो. मतभेद असो, पण भुकेल्याला घास दाखवून त्याचे मन वळविण्याची परवानगी त्यातून निघत नाही. शक्तिशाली शत्रूला शांत करणे वेगळे आणि असहायाला उपकाराने बांधणे वेगळे.

आता त्या यहुदी मुलाची घटना. तो मुलगा प्रेषितांची (स.) सेवा करीत असे, ओळख आधीची होती, आजारपणात झालेली नव्हती. प्रेषित (स.) त्याला भेटायला गेले ते विचारपूस करण्यासाठी, उपचाराच्या बदल्यात काही मागण्यासाठी नव्हे. मुलाचा पिता जवळच उभा होता. मुलाने पित्याकडे पाहिले, पित्याने अबुल कासिम यांचे ऐक असे सांगितले, तेव्हा त्याने होकार दिला. त्याने नकार दिला असता, तर त्याचे काहीही हिरावले जाणार नव्हते. तीन गोष्टी येथे दिसतात: जुना संबंध, आप्तांची उपस्थिती, आणि नकाराची पूर्ण मोकळीक. अनोळखी पाड्यावरील मांडवात या तिन्हींपैकी एकही सहसा नसते. म्हणून ही हदीस अशा शिबिराला आधार देत नाही. उलट त्याची परीक्षा कशी घ्यावी, हे शिकविते.

राहिला कंजूषपणाचा आक्षेप. सत्य सांगू नये असे कोणी म्हणत नाही. शहाणपणाने आणि चांगल्या उपदेशाने बोलाविण्याची आज्ञा आहे (१६:१२५), आणि शहाणपणात वेळ आणि जागा यांची निवड येतेच. सुमामा बिन उसाल हे यमामाचे सरदार कैदी म्हणून मशिदीच्या खांबाला बांधलेले होते. प्रेषितांनी (स.) तीन दिवस त्यांची चौकशी केली आणि नंतर कोणतीही अट न घालता त्यांना सोडून दिले. सुटल्यावर ते जवळच्या खजुरीच्या बागेत गेले, स्नान केले, आणि स्वतः परत येऊन इस्लाम स्वीकारला. त्यांना आधी मुक्त केले गेले आणि ईमान त्यानंतर आले. बांधलेल्या माणसाचा होकार मिळविणे कठीण नव्हते, परंतु त्याची किंमत काय राहिली असती? रोग हाही एक दोर आहे. तो आधी सोडवा, माणसाला घरी जाऊ द्या. त्यानंतर तो स्वतःच्या पायांनी तुमच्या दारी आला, तर त्याच्याशी खुशाल बोला.

उपकार नव्हे, हक्क

याहून खोल एक गोष्ट आहे. कुरआनानुसार श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो (५१:१९). तेथे शब्द 'हक्क' आहे. मुंबईत राहणाऱ्या आपल्या वाचकांनी क्षणभर आपल्या घरातील नळाकडे पाहावे. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे. त्या तालुक्यातील पाड्यांवरच्या स्त्रिया उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर उतरतात, आणि त्याच डोंगरांवर पडलेल्या पावसाने आपण वजू करतो. आपल्या घरांच्या विटा ज्या भट्ट्यांत भाजल्या गेल्या, तेथे त्यांचेच हात राबले. मग एखाद्या रविवारी गाडीभर औषधे घेऊन आपण तेथे गेलो, तर आपण काय देत असतो? देणे असेल, तर ते थकलेले देणे आहे. आणि थकलेले देणे परत करणारा माणूस समोरच्याला कोणतीही अट घालू शकत नाही, मग ती मनातल्या मनात का असेना.

ही दृष्टी आली, की अनेक गोष्टी आपोआप ठरतात. फलकावरील संस्थेचे मोठे नाव, दोन किलो तांदूळ घेणाऱ्या वृद्धेचे छायाचित्र, भाषण संपेपर्यंत रोखून ठेवलेली रांग, हे सारे हक्काच्या भाषेत बसत नाही. शिबिर घेणाऱ्या आपल्या मंडळींनी निघण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. हा रुग्ण आपले काहीही न ऐकता निघून गेला, तरी आपल्याला तेवढाच आनंद होईल काय? कोसळत्या पावसात, जेव्हा तेथे खरी गरज असते, तेव्हा आपण पुन्हा येऊ काय? तपासलेल्या रुग्णांची यादी खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे सोपवून त्यांचा पुढील उपचार चालू राहील, याची व्यवस्था केली आहे काय? गावातील आशाताईला विचारले आहे काय? गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात आहे; ती त्या पाड्यावर नीट पोहोचते की नाही हे पाहणे, हे आपल्या एका शिबिराहून मोठे पुण्य ठरू शकते.

आपली ओळख लपवावी असा याचा अर्थ नाही. लपवणूक हीही फसवणूकच आहे. कोणी विचारले, तर आपण मुस्लिम आहोत आणि अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी आलो आहोत, हे सरळ सांगावे. त्यांच्या हिरवा देवाविषयी, वाघोबाविषयी एकही हलका शब्द काढू नये, कारण इतरांच्या दैवतांना शिव्या देण्यास कुरआनाने मनाई केली आहे (६:१०८). आणि कोणाला खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर तपासणीचा मांडव उठल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरच्या माणसांसमोर बोलावे.

अखेरची सावधगिरी

या साऱ्या विवेचनाचा कोणी असा अर्थ काढू नये, की शिबिर घेणाऱ्या ख्रिस्ती डॉक्टरला हुसकावून लावणाऱ्या जमावात आपण सामील व्हावे. भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असे म्हटले, तरी आपले मत मांडण्याचा हक्क कायमच आहे. 'प्रलोभन' हा शब्द फार लवचीक आहे. आज तो ख्रिस्ती परिचारिकेवर फेकला जातो, उद्या तोच आपल्या शिध्याच्या पिशवीवर फेकला जाईल. एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नका, ही आज्ञा (५:८) अशा वेळीच कसोटीला लागते. तसेच आदिवासी माणूस अजाण आहे, त्याला कोणीही फसवू शकते, असे मानणे हाही त्याचा अपमान आहे. त्यालाही विवेक आहे, तो विचार करतो, निवड करतो. आपले काम एवढेच, की ती निवड करताना त्याच्या मानेवर कोणाच्या उपकाराचे ओझे नसावे, आपल्याही नसावे.

बगदादचा ख्रिस्ती वैद्य हुनैन बिन इसहाक याची गोष्ट इतिहासकारांनी नोंदविली आहे. खलिफाने त्याला शत्रूसाठी विष तयार करण्यास सांगितले. त्याने नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. कारण विचारले असता, आपला धर्म शत्रूचेही भले करण्यास सांगतो आणि आपला व्यवसाय माणसाच्या हितासाठीच आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुढे खलिफाने त्याचा सन्मान केला. त्या मुस्लिम दरबाराने त्याच्या धर्माची थोरवी त्याच्या नकारातून जाणली. त्यासाठी प्रवचनाची गरज पडली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, जव्हारच्या घाटातून वर जाणारी वाट सर्वांसाठी मोकळी आहे. तेथे ख्रिस्ती जातील, हिंदू संस्था जातील, आपणही जावे. प्रत्येकाने आपला धर्म अंतःकरणात घेऊन जावे, कारण तोच त्याला तेथवर नेतो. पण हातात मात्र औषधच असावे, आणि ते पूर्ण औषध असावे. अल्लाह आपल्या देण्यातून दिखावा आणि अपेक्षा दूर करो, ज्यांचे देणे आपल्याकडे थकले आहे ते फेडण्याची आपल्याला बुद्धी देवो, आणि त्या डोंगरांवरील प्रत्येक आजारी बालकाला आरोग्य देवो. आमीन.